जेवणाच्या टेबलावरची घळई

आमच्या घरी वजनाचा एक काटा आहे. हुकाला बॅग अडकवायची, हाताने उचलायची आणि आकडा वाचायचा. परदेशात राहणाऱ्या बहुतेक मराठी घरांत तो असतोच. पुण्याहून निघताना भाजणी, मेतकूट, लोणची आणि आईनं शेवटच्या क्षणी कोंबलेली गोडा मसाल्याची पिशवी धरून 23 किलोंच्या आत बसतंय ना, हे त्यावर पाहायचं. वर्षातले अकरा महिने तो एवढ्याच कामाचा. डिसेंबरात मात्र तो जेवणाच्या टेबलावर येतो आणि आम्ही त्याला पाण्याचे कॅन लटकवतो.

माणशी दिवसाला 4 लिटर. तीन दिवसांचे 12 लिटर, म्हणजे 12 किलो. तंबू, झोपायची पिशवी, स्टोव्ह, गरम कपडे अजून टेबलाखालीच आहेत आणि काट्यावर नुसतं पाणी 12 दाखवतंय. पहिल्यांदा येणारा माणूस हा आकडा बघतो आणि ठरलेलं वाक्य बोलतो, ‘‘अहो, पुढे झरा आहे ना नकाशात?’’ ही पुस्तिका त्या प्रश्नापासून सुरू होते. माझ्या मते ती तिथेच सुरू व्हायला हवी होती, म्हणूनच प्रस्तावना लिहायचं मी कबूल केलं. दुसरं कारण असं की आमच्या गटात सगळ्यांत जास्त चुका माझ्या नावावर आहेत.

पुस्तिका आहे कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅलीच्या डोंगरांत, घळईत, मुक्कामी जाण्याविषयी. मित्रमंडळींनी गेल्या काही वर्षांत वहीत, फोनमध्ये, पावत्यांच्या पाठीवर जे टिपून ठेवलं होतं ते एकत्र करून लावलं आहे. मध्यवर्ती उदाहरण एकच घेतलं आहे, कॉटनवूड आणि मार्बल या दोन घळयांना जोडणारी पायवाटेची फेरी. पायवाट हा शब्दही सवयीनं आला, कारण बहुतेक ठिकाणी वाट नाहीच. कोरड्या प्रवाहाच्या गोट्यांतून चालायचं. एका घळईनं वर चढायचं, उघड्या माळावरची खिंड ओलांडायची, डेडहॉर्स नावाच्या तिसऱ्या घळईत उतरायचं आणि मार्बलमधून बाहेर पडायचं. अंतर साधारण 45 किलोमीटर, दोन रात्री, तीन दिवस. एवढ्यात वाळवंटी डोंगरातले सगळे प्रश्न एकदा तरी समोर येतात, त्यामुळे उदाहरण चांगलं निवडलं आहे.

शाळेच्या भूगोलात आपण घळई हा शब्द पाठ केला होता, पण सह्याद्रीत भटकणाऱ्याच्या तोंडी तो नसतो. आपण नाळ म्हणतो, घळ म्हणतो, दरी म्हणतो. भंडारदऱ्याजवळ साम्रदची सांधण ज्यांनी पाहिली आहे त्यांना मार्बल घळईतल्या अरुंद जागा ओळखीच्या वाटतील. दोन्ही बाजूंना सरळ भिंती, वर आकाशाची फीत, आवाज केला की तो जरा उशिरानं परत येणारा. फरक पहिल्या तासात कळत नाही. सांधणमध्ये भर हिवाळ्यातही कुठेतरी कमरेएवढ्या थंड पाण्यातून जावं लागतं आणि काठावर साम्रद गाव असतं, जिथे परत आल्यावर पिठलं-भाकरी मिळते. इथे भिंती करड्या चुनखडकाच्या आणि संगमरवराच्या, कुठे कुठे हाताला गुळगुळीत लागाव्यात इतक्या घासलेल्या, आणि पायाखाली कोरडी वाळू. काठावर काहीच नाही.

हे ‘काहीच नाही’ आपल्या लोकांना पचायला वेळ लागतो. सह्याद्रीत वाढलेल्या ट्रेकरचं नियोजन विश्वासावर चालतं आणि तो विश्वास खोटा नसतो. गडावर टाकं असणार, टाक्यात पाणी असणार, खालच्या वाडीत कुणी मामा असणार, तो म्हणणार, ‘‘सरळ जावा, मग डावीकडं मारा.’’ वाट चुकली तर गुरांच्या वाटेनं उतरलं की गाव लागतं. पिढ्यान्‌पिढ्या डोंगरात राहणाऱ्यांनी जी व्यवस्था उभी केली आहे ती आपण फुकट वापरतो आणि तिला स्वतःचं कौशल्य समजतो. मीही समजत होतो. डेथ व्हॅली राष्ट्रीय उद्यानाचं क्षेत्रफळ साधारण 13,600 चौरस किलोमीटर आहे, म्हणजे सातारा जिल्ह्याहून बरंच मोठं आणि पुणे जिल्ह्याहून थोडंसंच लहान. त्यात विचारायला मामा नाही. मोबाइलला रेंज नाही. तेव्हा मामाकडून जे विचारून घेतलं असतं ते सगळं घरीच, टेबलावर बसून, आधी स्वतःला विचारून घ्यावं लागतं.

जागेचा अंदाज यावा म्हणून थोडे आकडे. खोऱ्याचा तळ, बॅडवॉटर, समुद्रसपाटीच्या 86 मीटर खाली आहे. त्याच्याच पश्चिमेला पॅनमिंट रांगेतलं टेलिस्कोप शिखर 3,368 मीटरवर. कळसूबाईची उंची दुपटीहून थोडी जास्त केली की ते येतं, आणि तळापासून ते शिखर थेट दिसतं. 10 जुलै 1913 रोजी फर्नेस क्रीकला 56.7 अंश सेल्सिअसची नोंद झाली. जगातला अधिकृत विक्रम अजून तोच आहे. वर्षभरात तळाला पाऊस पडतो सुमारे 50 मिलिमीटर. पावसाळी ढग पॅसिफिकवरून येताना सिएरा नेवाडा आणि मग आणखी दोन रांगा ओलांडतात आणि प्रत्येक चढणीवर रिते होत जातात. महाबळेश्वर भिजतं आणि माण-खटाव कोरडं राहतं त्याचीच ही चार पट लांबवलेली गोष्ट.

पाण्याचा हिशेब पुस्तिकेत सविस्तर आहे, पण त्यातला एक भाग मला इथे ओढून आणायचा आहे. कॉटनवूडमध्ये झरे आहेत, डेडहॉर्समध्ये एक आहे, आणि चांगल्या वर्षी त्यांना पाणी असतं. त्यामुळे 12 लिटर पाठीवर घ्यायची गरज पडत नाही. पण ‘असतं’ आणि ‘असेल’ यांतला फरक पाठीवर घ्यावा लागतो. आमचा नियम असा की पुढच्या झऱ्यात थेंब नाही असं धरून मागच्या पाण्यापर्यंत परत येता येईल एवढं पाणी नेहमी सॅकमध्ये. झरा म्हणून डोळ्यांसमोर गोमुख आणू नये. विलोच्या दाटीत गुडघ्यावर बसून, कपानं हळूहळू, गाळ न ढवळता भरायचं, गाळून घ्यायचं, आणि एका बाटलीला पाच मिनिटं लागली तरी कुरकुर करायची नाही. झऱ्याला खेटून तंबू ठोकायचा मोहही आवरायचा, कारण रात्री तिथे मोठ्या शिंगांच्या रानमेंढ्या येतात आणि त्यांना दुसरा पर्याय नसतो.

गाडीतलं पाणी वेगळं. परतल्यावर प्यायला, आणि गाडी बंद पडली तर दोन दिवस काढायला. पहिल्या वर्षी मी दुकानातून पातळ प्लॅस्टिकचे सहा गॅलन उचलले, दुधाचे असतात तसे. खडखडाटी रस्त्यावर तासभर हादरे बसल्यावर त्यातले दोन तळाच्या सांध्यातून फाटले. डिकी उघडली तर झोपायच्या पिशव्या ओल्या आणि कार्पेटवर तळं. वाळवंटात त्या दिवशी आमच्याकडे पाण्याची कमतरता नव्हती, फक्त ते चुकीच्या जागी होतं. तेव्हापासून जाड कॅन, आणि एका मोठ्याऐवजी दोन लहान, म्हणजे एक गळला तरी दुसरा राहतो.

खाण्याच्या प्रकरणावर आमच्यात वाद झाले आणि ते छापील पानावरही मिटलेले नाहीत. माझं म्हणणं, पदार्थ निवडताना तो शिजवायला आणि नंतर भांडं घासायला किती पाणी जातं ते आधी बघा. वरण-भात इथे महागडा पदार्थ आहे. दुधात भिजवलेल्या पिठाच्या दशम्या तीन दिवस मऊ राहतात, त्यांना शेंगदाण्याची चटणी आणि गूळ पुरतो. तिळाच्या वड्या थंडीत सोन्यासारख्या. संध्याकाळी एकदाच गरम काहीतरी, तेही पातळ, म्हणजे त्यातलं पाणी पोटातच जातं. मीठ विसरायचं नाही. नुसतं पाणी ढोसत राहिलं आणि घामातून गेलेलं मीठ परत मिळालं नाही तर डोकं दुखतं, मळमळतं आणि माणूस उगाच आणखी पाणी पितो. सैंधव घातलेलं आमसुलाचं सार थर्मासमध्ये न्यावं, ही सूचना मात्र सर्वानुमते पास झाली आहे.

आता नावाविषयी, कारण ‘मृत्यूची दरी’ असं भाषांतर करून त्यावर थरारक लेख लिहिण्याची आपल्याकडे हौस आहे. 1849 साली सोन्याच्या मागे कॅलिफोर्नियाला निघालेल्या गाड्यांचा एक तांडा जवळच्या वाटेच्या आशेनं इकडे वळला आणि अडकला. विल्यम मॅन्ली आणि जॉन रॉजर्स हे दोन तरुण मदत आणायला पायी निघाले आणि जवळजवळ महिनाभरानं धान्य घेऊन परतले. तोवर बायकामुलांसह बाकीचे एका झऱ्यापाशी थांबून होते. बहुतेक माणसं वाचली. नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच. पण त्याच झऱ्यांच्या काठी टिंबिशा शोशोनी लोक शतकानुशतकं राहत आले आहेत. हिवाळ्यात खोऱ्यात, उन्हाळ्यात वर डोंगरात. खाली मेस्किटच्या शेंगा, वर शरद ऋतूत पाइनच्या बिया. म्हणजे कुठल्या महिन्यात कुठे असावं आणि कुठे नसावं हे त्यांचं पक्कं ठरलेलं होतं. या भूमीच्या काही भागावरची त्यांची मालकी अमेरिकन सरकारनं कायद्यानं मान्य केली ती 2000 साली. तांडा अडकला ती जागा आणि टिंबिशांचं घर, दोन्ही एकच. एवढं ध्यानात ठेवलं तर ‘जीवघेणं वाळवंट’ हा शब्दप्रयोग जरा जपून होतो.

आमचा मोसमही टिंबिशांचाच. नोव्हेंबर ते मार्च. त्याबाहेर या घळयांत मुक्कामी जायचा विचार करणाऱ्यांसाठी ही पुस्तिका नाही, असं पहिल्याच पानावर लिहिलं आहे आणि ते ठीकच आहे.

आतापर्यंत पाणी नसण्याविषयी बोललो. पण या घळया कोरल्या कुणी? वारा पुरत नाही. त्या पाण्यानंच कोरल्या, आणि काम अजून चालू आहे. सह्याद्रीत पाऊस पडला की माती पिते, झाडं अडवतात, भातखाचरं साठवतात. इथे उतारावर माती नाही आणि झाडोरा नाही. उघड्या खडकावर पडलेलं पाणी जसंच्या तसं खाली धावतं, शेकडो उतारांचं पाणी एकाच घळईत येतं आणि घळईला दोनच भिंती असतात. 5 ऑगस्ट 2022 रोजी फर्नेस क्रीकला 37 मिलिमीटर पाऊस झाला. ताम्हिणीत एवढ्या पावसाला कुणी छत्रीसुद्धा उघडत नाही. इथे तेवढ्यानं रस्ते वाहून गेले, उभ्या गाड्या दगडगोट्यांत रुतल्या आणि हजारभर लोक अडकून पडले. पुढच्याच वर्षी, 20 ऑगस्ट 2023 ला, हिलरी वादळाचा उरलेला पाऊस आला. एका दिवसात 56 मिलिमीटर, म्हणजे वर्षभराहून जास्त. उद्यान जवळजवळ दोन महिने बंद राहिलं, आणि हजारो वर्षांपूर्वी आटलेलं सरोवर बॅडवॉटरच्या मिठावर काही महिने परत भरलं. लोक त्यात होड्या घालून फिरले. कच्चे रस्ते पुढेही बराच काळ नीट झाले नाहीत. याचा एक अर्थ असा की 2022 पूर्वी छापलेल्या कुठल्याही मार्गदर्शिकेतली ‘इथून दोन मैलांवर गाडी लावा’ छापाची वाक्यं आता विसरायची आणि निघायच्या आदल्या दिवशी उद्यानाचं रस्त्यांविषयीचं पत्रक बघायचं. आमच्या पुस्तिकेलाही हेच लागू आहे.

इथे मला नानांची आठवण सांगायची आहे. नाना म्हणजे गटातल्या एका मैत्रिणीचे वडील. पाटबंधारे खात्यात नाशिककडे उभी नोकरी केली, निवृत्तीनंतर लेकीकडे सहा महिने आलेले. सगळे निघाले तसे तेही निघाले, पहिल्या मुक्कामापर्यंत येतो म्हणाले. कॉटनवूडच्या पहिल्या अरुंद जागेच्या पुढे घळई जरा रुंद होते आणि वळणाच्या आतल्या बाजूला बारीक वाळूचा सुरेख पट्टा लागतो. सपाट, मऊ, वाऱ्यापासून आडोसा. आम्ही तिथेच तंबू उघडायला घेतले. नाना मात्र भिंतीकडे तोंड करून उभे. जवळ गेलो तर त्यांनी हातातली काठी वर केली. त्यांच्या डोक्याच्याही वर, खडकाच्या चिरेत, वाळक्या काटक्यांचा जुडगा घट्ट बसला होता. त्यात तुटलेली मुळं, एक दोरीचा तुकडा, आणि सगळ्यावर वाळलेल्या चिखलाचा पातळ पिवळट लेप. तो लेप भिंतीवर पुढे लांबपर्यंत एका सरळ रेघेत गेला होता. एकदा दिसल्यावर ती रेघ दिसायची थांबेचना.

‘‘पूररेषा,’’ नाना म्हणाले. ‘‘आपल्याकडं निळी आणि लाल मारतात. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी, शंभर वर्षांतून एकदाची लाल. इथं कुणी रंग लावला नाही एवढंच.’’

‘‘पण नाना, डिसेंबर आहे. आकाश तर बघा.’’

‘‘आकाश हितलं बघू नका. वरचं बघा. तुम्हाला दिसतंय का वरचं?’’

दिसत नव्हतं. भिंतींमधून आकाशाची वीतभर फीत दिसत होती आणि तिचा पलीकडच्या डोंगरावरच्या हवेशी काही संबंध असेलच असं नव्हतं. आम्ही तंबू गुंडाळले आणि वीस मिनिटं चालून प्रवाहापासून चार-पाच मीटर उंच असलेल्या खड्यांच्या ओट्यावर लावले. रात्रभर पाठीला खडे टोचले. पाऊस आला नाही. नाना सकाळी चहा पिताना त्याबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. पाऊस न आल्यानं आमचा निर्णय चुकीचा ठरतो असं त्यांना वाटत नसावं. पुस्तिकेतलं ‘तंबू कुठे लावावा’ हे प्रकरण त्या काठीच्या टोकापासून लिहिलं गेलं आहे. हिवाळ्यातला पाऊस उन्हाळी ढगफुटीइतका आडदांड नसतो हे खरं, पण अंदाजात पावसाची शक्यता दिसली तर घळईतला मुक्काम रद्द, यावर आता गटात चर्चा होत नाही. त्या दिवशी उघड्या माळावर गाडीनं फिरायचं आणि घरी यायचं.

रस्त्याचं प्रकरण वाचताना काहींना वाटेल की भीती घालताहेत. स्टोव्हपाइप वेल्सपासून कॉटनवूडकडे जाणारा कच्चा रस्ता सुरुवातीला वाळूचा, मग घळईतून आलेल्या गोट्यांचा. (स्टोव्हपाइप वेल्स या नावातही पाणीच आहे. वाळूत विहीर सापडेनाशी व्हायची म्हणून कुणीतरी चुलीच्या धुराड्याचा पाइप खूण म्हणून रोवला होता.) इथले दगड टोकदार असतात आणि साध्या शहरी टायरच्या बगलेला चिरतात. भाड्यानं घेतलेल्या गाडीच्या करारात बहुधा बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की डांबरी सोडली तर विमा संपला. ते मी एकदा पंक्चर झाल्यावर, गाडीतल्या दिव्याखाली, पहिल्यांदा वाचलं. सोबतचा जादा टायर सायकलच्या जरा वर आणि स्कूटरच्या जरा खाली अशा आकाराचा होता. त्यावर ताशी आठ किलोमीटरनं परत येताना मेहुण्यांनी जे मौन पाळलं ते मी आयुष्यभर विसरणार नाही. ओढून न्यायला गाडी मागवली असती तर खर्च त्या सगळ्या सहलीहून जास्त झाला असता.

पण खरा धोका टायरचा नसतो, टायर गेल्यावर आपण काय करतो त्याचा असतो. 1996 च्या जुलैत एक जर्मन कुटुंब भाड्याच्या गाडीतून इथल्या दक्षिणेकडच्या डोंगरांत शिरलं. चौघं होती, त्यांत दोन मुलं. ऑक्टोबरात ती गाडी अॅन्व्हिल घळईत सापडली, टायर फाटलेली. माणसं नाहीत. तेव्हाच्या मोठ्या शोधात काही हाती लागलं नाही. 2009 साली स्वतः होऊन शोध घेणाऱ्या दोघा भटक्यांना गाडीपासून कित्येक किलोमीटर दक्षिणेला अवशेष मिळाले. दक्षिणेला का, याचा त्यांनी लावलेला अर्थ असा की नकाशात तिकडे लष्करी तळाची हद्द दाखवली होती. युरोपातल्या माणसाला लष्करी हद्द म्हटलं की कुंपण, गस्त, पहारेकरी आठवणार. इथे ती हद्द म्हणजे कागदावरची रेघ आणि तिच्या दोन्ही बाजूंना तेच वाळवंट. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला साम्रदचं गाव आठवलं. त्या जर्मन कुटुंबानंही आपल्या मुलखातला विश्वास सोबत आणला होता. अशा वेळी गाडीपाशी थांबावं, तिच्या सावलीत बसावं, कारण वरून शोधणाऱ्याला माणूस दिसत नाही, गाडी दिसते.

फोनमधला नकाशा ‘इथून रस्ता आहे’ म्हणतो तेव्हा तो रस्ता 1930 चा खाणीकडे जाणारा मागही असू शकतो. या उद्यानात अशा घटना इतक्या झाल्या आहेत की रेंजर मंडळींत त्याला ‘जीपीएसनं मृत्यू’ असं नावच पडलं आहे. छापील नकाशा न्या. त्याची बॅटरी उतरत नाही.

थंडीबद्दल दोनच गोष्टी. लोक वाळवंट म्हणून सुती कपडे आणतात. उंची दर 300 मीटरला दोन-तीन अंश खाली ओढते, आणि फेरीतली खिंड दीड हजार मीटरच्या आसपास आहे; रात्री बाटलीतलं पाणी गोठतं. शिवाय थंड हवा जड, ती घळईच्या तळाशी येऊन बसते. शेकोटीला बंदी आहे, आणि ते बरंच आहे, कारण इथलं लाकूड वाळायला नव्हे तर वाढायलाच शतकं घेतं. दुसरी गोष्ट कुणी आधी सांगत नाही. डिसेंबरात सूर्य साडेचारला मावळतो, घळईत तर तीनलाच ऊन जातं, आणि पुन्हा अंगावर यायला सकाळचे नऊ वाजतात. चौदा-पंधरा तासांची रात्र. आठ तास झोपलो तरी सहा-सात तास उरतात. पत्ते, भेंड्या, गाणी सगळं होऊन जातं आणि मग मंडळी गप्प होतात. वर मृगाचा चौकोन भिंतीच्या एका कडेनं निघतो आणि दुसऱ्या कडेआड जातो, आणि त्याला किती वेळ लागला ते आपण पाहिलेलं असतं. सहलीतलं मला सगळ्यांत प्रिय हेच, पण ज्यांना ते आवडत नाही त्यांना सक्ती करू नये. माझ्या पत्नीला आवडत नाही. ती दुसऱ्या वर्षापासून घरी राहते आणि फेरीतलं सगळ्यांत महत्त्वाचं काम तिच्याकडे आहे.

ते काम म्हणजे फ्रिजवरचा कागद. त्यावर गाडीचा नंबर, कुठे लावणार ती जागा, तंबूंचे रंग, प्रत्येकाच्या बुटाच्या तळव्याचा फोटो, दोन्ही रात्रींचे मुक्काम, उद्यानाच्या मदतकेंद्राचा नंबर, आणि खाली मोठ्या अक्षरात एक वेळ. ‘रविवार रात्री 9. फोन नाही आला तर या नंबरला लावणे.’ काळजी वाटली तर लावणे, असं नाही. नऊ वाजले की लावणे. परवाना काढला म्हणजे कुणी आपली हजेरी घेतं अशी समजूत असते, घेत नाही. उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र आम्ही नेतो, पण घळईतून त्याला आकाशाची फीतच दिसते, तेव्हा कधी संदेश लगेच जातो, कधी पाऊण तास वाट बघायला लावतो. कागदाला आकाश लागत नाही.

त्याच कागदाच्या मागच्या बाजूला आमच्या माघारीच्या अटी असतात आणि पुस्तिकेतलं मला सर्वांत मोलाचं पान तेच वाटतं. दुपारी एकपर्यंत खिंड गाठली नाही तर आल्या वाटेनं परत. मधल्या झऱ्याला पाणी नसेल तर परत. कुणाच्याही पायाला लंगडण्याइतकं लागलं तर सगळेच परत. डेडहॉर्समधल्या कोरड्या धबधब्याला वळसा घालणारी वाट सापडली नाही तर उडी मारून बघायची नाही, परत. हे सगळं घरी, पोट भरलेलं असताना, चहा घेत लिहायचं. कारण खिंडीखाली दोन वाजता, चार सुट्ट्या खर्च करून, आठ तास गाडी हाकून आलेला माणूस हा भरवशाचा माणूस नसतो. तो मीही नसतो. त्या वेळी कागदावर स्वतःचं अक्षर असलं की वाद घालायला समोर कुणी उरत नाही. तीन वेळा आम्ही असे परत फिरलो. त्यातल्या एकदा, नंतर कळलं, पाणी होतं. आम्ही दोनशे पावलं आधी वळलो होतो. गटातले दोघं अजून ते काढतात.

पुस्तिकेत काय नाही तेही सांगतो. दोरानं उतरायच्या घळया नाहीत, उन्हाळा नाही, आणि मार्बल घळईतल्या प्राचीन कोरीव चित्रांची नेमकी जागाही नाही. ती ठरवून गाळली आहे. त्यांच्या शेजारी अलीकडच्या लोकांनी खरवडलेली नावं बघितली की कारण विचारावं लागत नाही. आपले गडकिल्ले पाहिलेल्याला तर नाहीच.

शेवटी संपादकांनी आठ पानं कोरी सोडली आहेत, प्रत्येकावर तीन रकाने आखून: झरा, तारीख, पाणी. वाचकांनी भरायची आणि पुढच्याला द्यायची. पहिली ओळ माझ्याकडून भरून घेतली. कॉटनवूडचा मधला झरा, 27 डिसेंबर, पाणी बोटभर, एका लिटरला सात मिनिटं. नानांना नाशिकला त्या पानाचा फोटो पाठवला. त्यांचं उत्तर आलं, ‘‘चौथा रकाना पाहिजे. भिंतीवरची रेघ किती उंच, ते.’’ ती पानं छापून झाली होती, म्हणून तो रकाना या प्रतीत पेनानं आखला आहे.